अकरा काचा

कापड बाजूला सरकलं आणि तीनशे माणसांच्या तोंडून एकदम "आं!" निघालं. पहिल्या रांगेतल्या एका बाईने तर खुर्चीच सोडली आणि ती गुडघ्यांवर बसली. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवरून वाकून पाहत होते. कुणी रडत होतं, कुणी मोबाइल उंच धरून शूटिंग करत होतं, आणि एक गृहस्थ दोन्ही एकदम करत होते.

समोर टेबलावर एक फ्रेम उभी होती. एकवीस दिवसांपूर्वी ह्याच हॉलमध्ये, ह्याच लोकांसमोर, तिच्यात कोरा कागद घातला होता. पांढराफटक, दोन्ही बाजूंनी दाखवलेला. मग फ्रेमची पाठ चिकटपट्टीने बंद केली, पट्टीवर निवृत्त पोस्टमास्तरांनी सही केली आणि ती फ्रेम गच्चीत उन्हात ठेवली. गच्चीला कुलूप, किल्ली पोस्टमास्तरांच्या खिशात. आता त्या कागदावर एक चेहरा उमटला होता. आजूबाजूचा कागद तपकिरी झालेला आणि मधोमध फिकट, शांत, ओळखीचा चेहरा.

माझ्या भाऊजींचा.

"जो गेला, तो गेला नाही," उजेडबाबा माइकवर बोलत होता. आवाज असा, की मध घालून ढवळलाय. "तो उजेडात मिसळला. मी कोण? मी कुणी नाही. मी फक्त कागद धरतो. सही उजेड करतो!"

माझी ताई पुढे झाली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. अर्ध्या गावाला तिने त्रैराशिक शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला कान धरून शिकवलं होतं. वर्गात कुणी "असं असतंच" म्हटलं, की ती खडू खाली ठेवून म्हणायची, "सिद्ध कर." ती ताई त्या फ्रेमला दोन्ही हात लावून उभी राहिली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "अहो, बोला ना."

भाऊजींना जाऊन चार महिने झाले होते. माझ्या मनात आलं, हिला आता कोण म्हणणार, सिद्ध कर म्हणून? मी म्हणायला हवं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

आधी माझ्याबद्दल सांगते. माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता माझं. आणि हा उजेडबाबा आमच्याच दुकानात सहा वर्षं कामाला होता. तेव्हा त्याला आम्ही चकचक्या म्हणायचो. सुतारकाम त्याला कधी जमलं नाही. पंचेचाळीस अंशांत कापलेले दोन कोपरे त्याने जोडले, की मधून मांजराचं पिल्लू जाईल एवढी फट. पण काच पुसून चकचकीत करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एक दिवस नोकरी सोडून गेला, नऊ वर्षांनी परत आला तो दाढी, पांढरे कपडे आणि "उजेड" घेऊन. मी हसले होते. म्हटलं, चकचक्याने स्वतःलाच चकचकीत केलं. पण चेहरे उमटत होते, हे खरं होतं, आणि ते कसे उमटतात हे मला कळत नव्हतं. ताईच्या आधी सात घरांत त्याने असे चेहरे दिले होते. प्रत्येकाला एकच ताकीद: "फ्रेमची पाठ उघडायची नाही. उघडली की उजेड उडून जातो."

त्या दिवशी ताईच्या "बोला ना" नंतर तो डोळे मिटून उभा राहिला. फ्रेमवर कान टेकवला. मग हळूच म्हणाला, "बाई, ते म्हणतायत... ती सुई. तुम्ही रोज सुई टोचता ना अंगात? ती त्यांना टोचते. प्रत्येक सुई त्यांच्या उजेडाला भोक पाडते."

ताईला लहानपणापासून मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण शाळेच्या मधल्या सुट्टीत ती मुलांसमोर सुई घ्यायची आणि म्हणायची, "घाबरायचं काय त्यात?" पण हॉलमधले लोक कुजबुजले, "बघा, ह्याला कसं कळलं!"

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. सुया डब्यात तशाच.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"त्यांना दुखतं गं."

"मेलेल्या माणसाला दुखत नाही! तूच शिकवलंस ना आम्हाला हे?"

"मग तो चेहरा कसा आला? सांग. तू फ्रेमवाली आहेस ना? सिद्ध कर."

मला करता आलं नाही. मी भांडले, दार आपटलं आणि चार दिवस तिच्याकडे फिरकले नाही. भाची शिकायला दुसऱ्या शहरात होती, तिला फोनवर ताई "सगळं छान आहे" सांगत राहिली. पाचव्या दिवशी शेजारणीचा फोन आला. दवाखान्यात पोचेपर्यंत ताई बेशुद्ध होती. डॉक्टरीणबाईंनी रात्रभर धडपड केली. सकाळी बाहेर येऊन त्या माझ्याशेजारी बाकावर बसल्या.

"इन्सुलिन थांबवलं, की शरीर स्वतःलाच जाळायला लागतं," त्या म्हणाल्या. "रक्तात आम्ल चढतं. वेळेवर आल्या असत्या तर... एक सुई होती हो. एवढीशी सुई."

उजेडबाबा भेटायला आला. माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून तो म्हणाला, "दुःख करू नका. बाई सुई सोडून गेल्या, म्हणून सुखाने गेल्या." आणि जाताना खिडकीतून चार लोक पाहतायत हे बघून त्याने भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

भाचीने त्याच्यामागे दार लावलं आणि डोक्यावरून नळाखाली पाणी घेतलं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी आम्ही दोघी ताईचं घर आवरत होतो. भिंतीवर भाऊजींची ती फ्रेम. भाची म्हणाली, "मावशी, उघड."

मी ती दुकानात आणली, पालथी घातली, चिकटपट्टी कापली, पाठीचा पुठ्ठा काढला. उजेड काही उडाला नाही. कागद हातात घेतला तर तो छापखान्यात वर्तमानपत्राच्या रिळाचा उरतो तसला स्वस्त कोरा कागद. ह्याच्यात लाकडाचा कच्चा लगदा असतो. उन्हात ठेवला, की आठवड्यात पिवळा, तीन आठवड्यांत तपकिरी. आमच्या धंद्यात असल्या कागदाला आम्ही चित्राच्या जवळपासही येऊ देत नाही, कारण तो स्वतः जळतो आणि त्याला टेकलेलं चित्रही डागाळतो. पण मग चेहऱ्याचा भाग का जळला नाही?

मी काच उचलली. स्वच्छ. चकचकीत. दिव्याखाली तिरकी केली, आणि काचेवर एक रेघ चमकली. केसाच्या निम्म्या जाडीची. मी नख फिरवलं. नख अडखळलं.

फिल्म.

ही गोष्ट फ्रेम करणारा प्रत्येक जण जाणतो. उन्हातले अतिनील किरण, डोळ्यांना न दिसणारे, चित्रांचे रंग खातात आणि कागद पिवळे करतात. म्हणून आम्ही आधी गिऱ्हाइकाला सांगतो, उन्हाच्या भिंतीवर चित्र लावू नका. ऐकलं नाही, तर काचेच्या आतून एक पारदर्शक फिल्म लावतो, जी हे किरण बरेचसे अडवते. चकचक्याने तीच फिल्म घेतली होती. पण पूर्ण काचेवर न लावता, भाऊजींच्या चेहऱ्याच्या आकारात कापून. कपाळ, गाल, नाक, हनुवटी ह्या जागी फिल्म ठेवली. केस, भुवया, डोळे, मिशी ह्या जागी कापून काढली. मग कागद उन्हात. फिल्मच्या मागचा कागद फिकट राहिला, बाकीचा करपला. झाला चेहरा! गच्चीला कुलूप लावा, नाहीतर तोफा लावा. चेहरा कागद आत जायच्या आधीच काचेवर बसलेला होता.

चेहरा आणायला फोटो लागतो. तो कुठला? निधनाच्या बातमीतला. भाऊजींचा जो फोटो आम्हीच वर्तमानपत्रात दिला होता, अगदी तोच, डोकं तसंच उजवीकडे कललेलं.

भाचीने काच माझ्या हातातून घेऊन दिव्याखाली तिरकी धरली. मग म्हणाली, "फिल्मवर एकसुद्धा बुडबुडा नाही, मावशी. केवढं सफाईदार काम."

आता सांगते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते सफाईदार काम त्याला मी शिकवलं होतं. काचेवर साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म तरंगत ठेवायची, आणि रबराच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जायचं, घाई न करता. तीन दिवस त्याच्यामागे उभी राहून शिकवलं होतं. त्याच हातांनी त्याने माझी बहीण मारली.

डॉक्टरीणबाईंना आम्ही ती काच दाखवली. त्या म्हणाल्या, "पोलिसांत जाऊ या. मी कागदपत्रं देते."

"जाऊ," मी म्हटलं. "पण आज गेलो तर लोक म्हणतील बाबांवर आळ घेतला. दोन दिवसांत सुटून येईल आणि आणखी मोठा होईल. मला तो ज्या हॉलमध्ये चढला त्याच हॉलमध्ये उतरवायचाय. त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

"सूड घ्यायचाय तुम्हाला."

"हो."

त्या उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "माणसाला हात लावू नका. बाकी मला विचारू नका. तारीख सांगा, मी पोलिस घेऊन येते."

मी पांढरी साडी नेसून उजेडबाबाकडे गेले. मान खाली घातली. म्हटलं, "बाबा, माझी चूक झाली. ताईच्या नावाने सेवा करायचीय. यापुढच्या सगळ्या फ्रेम मी बनवून देते."

त्याच्या डोळ्यांत क्षणभर जुना चकचक्या दिसला, मालकिणीला पायाशी बघून सुखावलेला. "सेवा कर," तो म्हणाला. "पण काच मी आणीन. काच मी स्वतः मंत्रून आणतो."

"आणा ना," मी म्हटलं. "चौकट माझी, काच तुमची."

ह्या खेपेला त्याने मोठा घाट घातला होता. एकाच दिवशी अकरा घरांचे अकरा चेहरे. त्यांत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिचा सोळा वर्षांचा मुलगा नदीत बुडाला होता. ती रोज हॉलच्या पायरीवर येऊन बसायची. मी तिला पाहिलं, आणि पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळलं. तिच्या मुलाचा चेहरा येणार नव्हता. मी थांबले का? नाही थांबले. तिच्याबद्दलचा विचार मी बाजूला सारला. आज लिहिताना तो मला टोचतो, म्हणून लिहून ठेवते.

अकरा फ्रेम मी जीव ओतून बनवल्या. साध्या फ्रेममध्ये काच मागून खाचेत बसते आणि मागूनच निघते. मी ह्या फ्रेमना पुढून एक बारीक पट्टी ठेवली, चार आडव्या टाचण्यांवर दाबून बसवलेली. बाहेरून नक्षीच वाटावी. पण ती नखाने ओढली, की सुटायची आणि काच पुढून बाहेर यायची. पाठ तशीच बंद, चिकटपट्टी तशीच, पोस्टमास्तरांची सही तशीच. लाकूड मी महिनाभर सुकवलेलं घेतलं, नाहीतर उन्हात पट्टी वाकली असती आणि माझं बिंग फुटलं असतं. कोपऱ्यांना आधी सरस, मग बारीक खिळे, आणि चोवीस तास दाबून ठेवले. त्यातून कागदसुद्धा गेला नसता. त्याने एकही फ्रेम नीट पाहिली नाही. फुकटच्या सेवेचे कोपरे कोण तपासतो!

भाची इमारतींची पुठ्ठ्याची मॉडेल करायला शिकत होती. कटर तिच्या हातात पेनासारखा फिरायचा. तिने ताईचा एक फोटो निवडला. गोल चष्मा, मधोमध भांग, डाव्या गालावर मोठा तीळ, ओठ जरासे मिटलेले, जणू आता म्हणतील, "उत्तर चुकलंय, परत कर." आणि तो चेहरा तिने फिल्मवर कापला. एकदा नाही, अकरा वेळा.

"थांबायचंय का?" मी चौथ्या काचेनंतर विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चष्म्याची काडी जरा जाड झालीय. ही फिल्म सोलून परत कापते."

पहिल्या दिवशी हॉल खचाखच भरला. बाबाने एकेक काच पुसून बसवली, कोरे कागद फिरवून दाखवले, पाठीवर पट्ट्या लागल्या, पोस्टमास्तरांनी अकरा सह्या केल्या. मग बाबा छातीवर हात ठेवून म्हणाला, "लोक शंका घेतात. घेऊ द्या. आज मी सांगतो, एकवीस दिवस मी स्वतःसुद्धा गच्चीवर पाऊल ठेवणार नाही! सेविका फ्रेम वर नेतील. तोपर्यंत मी तुम्हाला उजेडाचं रहस्य सांगतो."

मी मनात म्हटलं, सांग बाबा. सावकाश सांग.

त्याने सव्वा तास सांगितलं. उजेडाचे सात पदर आहेत, सातवा पदर फक्त पवित्र माणसाला दिसतो, आणि पवित्र माणूस कोण हे उजेडच ठरवतो, आणि उजेडाने कुणाला ठरवलंय हे तुम्ही बघताच आहात, वगैरे. सेविका म्हणजे आम्हीच. तेवढ्या वेळात भाचीने आणि मी फ्रेम एकेक करून वर नेल्या, पट्टी ओढली, त्याची काच काढली, आपली बसवली, पट्टी दाबली. माझी सेवेची मोठी पेटी कुणी तपासली नाही. जाताना ती अकरा काचांनी भरलेली होती, येतानाही अकरा काचांनी भरलेली होती. शेवटची पट्टी मला काही केल्या बसेना. भाचीने माझ्या हातातून ती घेतली आणि अंगठ्याने टक् करून दाबली. खाली टाळ्या चालू होत्या. पोस्टमास्तरांनी कुलूप लावलं.

एकवीस दिवस ऊन मरणाचं होतं. मी रोज आकाशाकडे बघायचे आणि एकही ढग नाही म्हणून समाधानाने दुकान उघडायचे.

शेवटच्या दिवशी हॉलबाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती. आम्ही दोघींनी गच्चीत जाऊन काळ्या कापडात झाकलेल्या फ्रेम सेवकांनी खाली आणल्या आणि ओळीने मांडल्या. डॉक्टरीणबाई शेवटच्या रांगेत होत्या. त्यांच्या शेजारी साध्या कपड्यांत दोन माणसं.

बाबाने शिवणकाम करणाऱ्या बाईला पुढे बोलावलं. "ये माउली. तुझं लेकरू तुझी वाट बघतंय."

कापड ओढलं.

"आं" आलंच नाही. मग मागून कुणीतरी तरुण आवाजात म्हणालं, "अरे, ह्या तर आपल्या गणिताच्या बाई!"

बाबा वळून बघायला लागला. मी त्याचा चेहरा अगदी जवळून पाहिला. त्या चेहऱ्यावरून रक्त उतरलं, जसं भांड्यातून पाणी ओतावं तसं. त्याने झटकन दुसरं कापड ओढलं. ताई. तिसरं. ताई. चौथं, पाचवं, सहावं. गोल चष्म्याआडून ताई अकराच्या अकरा फ्रेममधून त्याच्याकडे रोखून बघत होती. हॉलमध्ये तीस वर्षांचे विद्यार्थी बसले होते. एकेक जण आपोआप उभा राहिला, जसे ते वर्गात उभे राहायचे.

आणि तो चमत्कारिक माणूस, खरंच सांगते, त्याने अर्ध्या मिनिटात जीभ सावरली. "पाहिलंत!" तो ओरडला. आवाज फाटला होता. "बाई सगळ्यांच्या वतीने आल्यात! थोर आत्मा! बाई म्हणतायत, मी सुखात आहे! बाई म्हणतायत, बाबांचं ऐका!"

लोकांनी हेही गिळलं! लोक गुडघ्यांवर बसायला लागले. कुणी म्हणालं, "बाई, मला क्षमा करा, मी परीक्षेत कॉपी केली होती." आणि मी, जिने हे सगळं घडवून आणलं ती मी, तिथे उभी राहून क्षणभर विचार करत होते, की राहू दे. ताईचा एवढा मान कुणी केला होता? राहू दे असंच.

भाची पुढे गेली. तिने माइक घेतला.

"माझी आई काहीही म्हणत नाहीये," ती म्हणाली. "माझी आई मेलीय. हा चेहरा मी कापलाय, कटरने, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. अकरा वेळा. आणि माझे बाबा ह्या माणसाने कापले होते."

आता माझी पाळी होती. मी पहिली फ्रेम उचलली, पट्टी ओढली, काच बाहेर काढली आणि खिडकीसमोर धरली. नखाने एक कड सोडवली आणि ताईचा चेहरा काचेवरून सोलून काढला. पारदर्शक, लुळा, हवेत हलणारा. पुढच्या रांगेतल्यांनी मान मागे घेतली.

"ही फिल्म," मी म्हटलं. "ऊन अडवते. स्वस्त कागद उन्हाने करपतो, जिथे फिल्म आहे तिथे करपत नाही. एवढंच आहे. पोस्टमास्तरकाका, जरा घड्याळ काढा."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. रापलेल्या हातावर पट्ट्याचा पांढरा ठसा.

"काका, तुमच्या हातावर हे घड्याळ कुठल्या आत्म्याने काढलं?"

कुणीतरी हसलं. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

"कारस्थान!" बाबा ओरडला. "हिने माझ्या काचा बदलल्या! माझ्या काचा पवित्र होत्या! माझे चेहरे खरे होते!"

ह्याच वाक्याची मी वाट बघत होते. मी पेटी उघडली. "ह्या घे तुझ्या पवित्र काचा. अकराच्या अकरा. ह्या एकवीस दिवस ऊन न बघता माझ्या कपाटात होत्या. फुंकर मार ह्यांवर."

त्याने पेटीकडे पाठ फिरवली.

"मार ना. उजेडाची सही बघू दे सगळ्यांना."

शिवणकाम करणारी बाई माझ्याजवळ आली. तिने विचारलं, "माझ्या पोराची कुठली?" मला ती काढून द्यावी लागली. तिने काच तोंडाजवळ धरली आणि तिच्यावर श्वास सोडला. काच धुरकटली, फिल्मच्या कडा उठून दिसल्या, आणि तिच्या श्वासात तिच्या मुलाचा चेहरा उभा राहिला. दोन-तीन सेकंद. मग विरला. तिने परत श्वास सोडला. परत तो आला.

"हा ओळखपत्रावरचा फोटो आहे," ती हळूच म्हणाली. "त्यात त्याचे कान दबलेत. त्याचे कान असे नव्हते." मग ती बाबाकडे वळली. "तू हा आधीच कापून ठेवला होतास. मी बाहेर पायरीवर बसले होते, तेव्हा तू आत बसून ब्लेड फिरवत होतास. माझ्या लेकराच्या गळ्याशी ब्लेड आणलंस, तेव्हा हात थरथरला नाही रे तुझा?"

उजेडाच्या सातही पदरांतून त्याला एक शब्द सापडला नाही. तो मागच्या दाराकडे सरकला. तिथे ती साध्या कपड्यांतली दोन माणसं उभी होती. लोक उसळले, एकाने खुर्ची उचलली. डॉक्टरीणबाई मध्ये गेल्या. "कुणी हात लावायचा नाही! त्याने इन्सुलिन बंद करायला सांगितल्याचं मोबाइलवर चित्रण आहे, तुम्हीच केलेलं. ते द्या. तुमच्या खुर्चीपेक्षा ते जास्त लागेल त्याला."

आणि लोकांनी दिलं. भाऊजींच्या चेहऱ्याच्या वेळी रडणं आणि शूटिंग दोन्ही एकदम करणारे ते गृहस्थ सगळ्यांत आधी पुढे आले.

नेताना तो माझ्याजवळ थांबला. "बाई मरतील असं वाटलं नव्हतं मला," तो पुटपुटला. "आणि फिल्म लावायला तूच शिकवलंस."

"हो," मी म्हटलं. "आणि एक शिकवायचं राहिलं होतं. पुढून काच कशी काढायची ते."

मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. खटला चालू आहे. प्रत्येक तारखेला मी दुकान बंद ठेवते आणि कोर्टात पहिल्या बाकावर जाऊन बसते, अशा जागी की मान वर केली की त्याला मी दिसावी. तो मान वर करत नाही.

शिवणकाम करणाऱ्या बाईकडे मी नंतर गेले आणि झाल्या प्रकाराची माफी मागितली. तिने माफ केलं नाही. पण महिन्याभराने ती दुकानात आली, मुलाचा पोहताना काढलेला, ओल्या केसांचा, हसरा फोटो घेऊन. तो मी कसा बसवला ते सगळ्याच फ्रेमवाल्यांना सांगते. फोटो काचेला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची, म्हणजे खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची, जाडी ठेवा, नाहीतर दमट हवेत तो काचेला धरून बसतो आणि सुटताना फाटतो. माउंट आणि पाठ आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची घ्या. साध्या चिकटपट्टीने फोटो डकवू नका. कागदाच्या दोन बिजागऱ्या करा आणि पिठाच्या खळीने वरच्या कडेलाच चिकटवा. पाठ बंद करा, पण गिऱ्हाइकाला समोर बसवून, काय काय घातलं ते दाखवून बंद करा. ती शेवटपर्यंत समोर बसली होती. एकेक थर तिने हात लावून पाहिला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. आमची ताई मूर्ख नव्हती. ती दुःखात होती, आणि दुःखातल्या माणसाला कुणीही गाठू शकतं. म्हणून तुमच्या घरात असं माणूस असेल, तर त्याच्याशी भांडून दार आपटून जाऊ नका. तिथेच बसा. चमत्काराचं उत्तर तुम्हाला त्या दिवशी आलं नाही, तरी चालेल. "मला माहीत नाही" म्हणजे "चमत्कार आहे" असं होत नाही. उत्तर नंतर शोधता येतं. सुई मात्र त्याच दिवशी घ्यावी लागते.